सराईतले खून आणि संन्याशाची कोंडी

तुम्ही घाटातल्या एका लॉजवर उतरणाऱ्या पाहुण्यांना ठार मारून त्यांच्या पैशांवर जगणाऱ्या नवरा-बायकोवर विनोदी पटकथा लिहिली आहे आणि तुमची अडचण अशी की ती वाचून कोणीच हसत नाही. निम्म्या वाचकांना किळस येते, उरलेल्यांना दुसऱ्या खुनानंतर कंटाळा येतो. क्लोद ओतां-लारा यांचा १९५१ सालचा ‘लोबेर्ज रूज’, म्हणजे ‘लाल सराई’, हा फ्रेंच चित्रपट नेमक्या याच विषयावर असूनही तो पाहताना मात्र तुम्ही मनमुराद हसलात. म्हणून तुम्ही विचारले आहे की हे त्यांना साधले कसे, त्यामागची हकिकत कितपत खरी आहे आणि ती बाल्झाकच्या कथेवरून घेतली आहे का. मी पटकथा लिहितो आणि रसास्वाद शिबिरांत शिकवतो, त्यामुळे माझे उत्तर समीक्षकाचे नसून लिहिणाऱ्याच्या बाजूचे असेल. शेवट उघड केल्यावाचून ते देता येणार नाही, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा हे बरे.

बाल्झाकचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण हा गोंधळ फार जुना आहे. बाल्झाकची याच नावाची कथा १८३१ सालची आहे, पण तिच्यातली सराई जर्मनीत, ऱ्हाईन नदीकाठच्या आंडरनाख गावात आहे, आणि तिचा मालक खुनी नाही. फ्रेंच सैन्यातले दोन तरुण शल्यवैद्य तिथे उतरतात, रात्री एका व्यापाऱ्याचा खून होतो, निरपराध मित्राला गोळ्या घातल्या जातात आणि खरा गुन्हेगार पुढे पॅरिसमधला प्रतिष्ठित धनिक होतो, असा तो सारा मामला आहे. झां एप्श्तीन यांचा १९२३ सालचा मूकपट या कथेवर आहे. ओतां-लारांच्या चित्रपटाचा तिच्याशी संबंध नावापुरताच.

त्यांच्या चित्रपटाचे मूळ आहे दक्षिण फ्रान्समधल्या आर्देश प्रांतातल्या पेरबेय इथल्या सराईत. ल प्वी आणि ओबना या गावांना जोडणारा रस्ता तिथे बाराशे मीटरहून उंच पठारावरून जातो. हिवाळ्यात या पठारावर ‘बुर्ल’ नावाचा बोचरा वारा सुटतो, तो बर्फ उडवून रस्ता पार पुसून टाकतो, आणि अशा वेळी वाटसरूला मिळेल त्या छपराखाली थांबण्यावाचून गत्यंतर नसते. पिएर मार्तें आणि त्याची बायको मारी ब्रेस यांची सराई अशा ठिकाणी होती. ऑक्टोबर १८३१ मध्ये आंजोलरास नावाचा परिसरातला एक शेतकरी बेपत्ता झाला आणि काही दिवसांनी त्याचे प्रेत आलिए नदीच्या काठी सापडले. मार्तें पती-पत्नी, त्यांचा नोकर झां रोशेत आणि मार्तेंचा पुतण्या यांच्यावर खटला भरला गेला. जून १८३३ मध्ये प्रिव्हा इथे तो चालला, शंभरावर साक्षीदार तपासले गेले, पुतण्या सुटला आणि उरलेल्या तिघांना मृत्युदंड झाला. २ ऑक्टोबर १८३३ रोजी, त्यांच्याच सराईच्या दारासमोर, मोठ्या जमावादेखत गिलोटीनवर तिघांची डोकी उडवण्यात आली.

इथे लिहिणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत अशी गोष्ट ही आहे की शिक्षा झाली ती एका खुनासाठी. पन्नासाहून जास्त बळी, भट्टीत जाळलेली प्रेते, पातेल्यात शिजताना दिसलेले माणसाचे हात, हा सगळा भाग गावगप्पांमधून आणि ‘अमक्याने तमक्याला सांगितले’ छापाच्या साक्षींमधून वाढत गेला. प्रत्यक्ष खून पाहिल्याचे सांगणारा महत्त्वाचा साक्षीदार शाझ नावाचा एक भिकारी होता. हे तिघे खरोखर दोषी होते का, याविषयीच काही अभ्यासकांनी पुढे शंका घेतल्या आहेत. रोशेतचेही तेच झाले : तो आर्देशमधलाच माणूस, पण दंतकथेने त्याला परदेशातून आलेला काळा नोकर करून टाकले, आणि चित्रपटाने इतिहास बाजूला ठेवून दंतकथेचा तो नोकर उचलला. हकिकत कितपत खरी, याचे उत्तर म्हणून एवढे म्हणता येईल की सराई खरी, माणसे खरी, गिलोटीन खरे. पण चित्रपटात दिसणारा ख्रिस्ती संन्यासी, त्याचा चेला, बर्फातला माणूस आणि तो भीषण शेवट हे सगळे पटकथाकारांचे आहे. झां ओरांश आणि पिएर बोस्त ही त्या काळातली फ्रान्समधली बिनीची लेखकजोडी आणि स्वतः ओतां-लारा यांनी ही पटकथा लिहिली. ओरांश यांचा जन्म ऱ्होन नदीपलीकडच्या, आर्देशला लागून असलेल्या द्रोम प्रांतातला, त्यामुळे ही दंतकथा त्यांना घरची होती असे मानायला हरकत नाही.

आता मुख्य प्रश्न. हसू नेमके कुठून येते? बहुतेक नवे लेखक समजतात की ब्लॅक कॉमेडी म्हणजे भयानक गोष्ट गमतीदार करून दाखवणे, आणि मग ते खुनांच्या नवनव्या तऱ्हा शोधत बसतात. तुमच्या पटकथेतही तसेच झाले असावे असा माझा अंदाज आहे, कारण दुसऱ्या खुनाला वाचक कंटाळतो हे त्याचेच लक्षण. ‘लोबेर्ज रूज’मध्ये खून करण्याची रीत हा विनोदाचा विषयच नाही. माकड नाचवून पेटी वाजवणारा एक फिरस्ता सुरुवातीलाच मारला जातो, त्याचे प्रेत अंगणातल्या बर्फाच्या माणसात दडवले जाते, आणि तिथून पुढे चित्रपटाला नव्या खुनाची गरज पडत नाही. पुढचा सगळा वेळ आपण एकाच गोष्टीकडे पाहत राहतो : कोणाला काय माहीत आहे आणि ते सांगता का येत नाही.

प्रेक्षकाला तर सर्व काही पहिल्यापासून ठाऊक असते. श्रेयनामावलीबरोबर ईव्ह मोंतां यांच्या आवाजातले एक गाणे सुरू होते. फ्रान्समध्ये गाजलेल्या गुन्ह्यांवर रचून जत्रेत, बाजारात गायल्या जाणाऱ्या गाण्यांची जुनी परंपरा आहे. आपल्याकडे पोवाडा वीरांचा असतो, तसा तो खुन्यांचा पोवाडा म्हणा. हे गाणे खुनी कोण हे गुपित राहूच देत नाही. रहस्यकथा लिहिणारा ज्या माहितीवर अख्खा चित्रपट ओढून नेतो ती माहिती इथे दाराशीच वाटून टाकली आहे. का, ते पुढे कळते : प्रेक्षकाला उत्सुकतेत नव्हे, अस्वस्थ जाणतेपणात ठेवायचे आहे.

मग घोडागाडीतून आलेले प्रवासी उतरतात. खाऊन-पिऊन सुखी, आपापल्या शहाणपणावर खूश असलेले शहरी लोक. पाठोपाठ एक संन्यासी आणि त्याचा तरुण चेला येतो. आणि आता येतो तो प्रसंग ज्यासाठी मी हा चित्रपट विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा दाखवतो. सराईवालीला, म्हणजे मारीला, संन्याशापाशी पापनिवेदन, म्हणजे कन्फेशन, करायचे आहे. बाई श्रद्धाळू आहे. आडरानात चर्च नाही, मग पापनिवेदनाच्या पेटीतल्या जाळीऐवजी स्वयंपाकघरातली भाजायची जाळी मध्ये धरली जाते आणि विधी सुरू होतो. संन्यासी थकलेला, भुकेलेला आहे. बायकांची नेहमीची लहानसहान पापे ऐकून घ्यायची, क्षमा उच्चारायची आणि जेवायला बसायचे एवढाच त्याचा बेत. मारी सांगू लागते. ती रडत नाही, थरथरत नाही, हिशेबनीस खतावणी वाचून दाखवतो त्या सुरात बोलते. वर्षानुवर्षे वाटसरू येत गेले आणि ती व तिचा नवरा त्यांना मारत गेले. ऐकता ऐकता फेर्नांदेल यांचा तो लांबट, घोड्यासारखा चेहरा एकेक पायरी उतरत जातो. कळस होतो तो पुढचा बेत कळल्यावर : आज रात्री या प्रवाशांची पाळी आहे, आणि ज्याच्यापाशी हे सांगितले जात आहे तोही त्यांतून सुटलेला नाही.

या प्रसंगाची बांधणी नीट पाहा. मारीच्या दृष्टीने ती अगदी योग्य तेच करते आहे. पाप घडले आहे, पापाचे ओझे धर्माने सांगितलेल्या मार्गाने उतरवायचे आहे, आणि संन्यासी उद्या जिवंत नसणार म्हणून आजच उतरवून घेतलेले बरे. निवेदन संपते तेव्हा ती हलकी होऊन उठते आणि ओझे जसेच्या तसे जाळीपलीकडच्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसते. खुनी बाई शांत आणि निष्पाप माणूस घामाघूम, ही उलटापालट म्हणजे या चित्रपटाचा पाया. तिच्यात एकही विनोदी वाक्य नसते तरी चालले असते.

कारण संन्याशाला आता बोलता येत नाही. पापनिवेदनात ऐकलेले कोणत्याही कारणास्तव, कोणाचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा, उघड करायचे नाही हा कॅथलिक चर्चचा पक्का दंडक आहे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने तो लेखी स्वरूपात घातला, आणि तो मोडणाऱ्या धर्मगुरूसाठी कडक शिक्षा ठरवली. गोव्यातल्या किंवा वसईतल्या ख्रिस्ती वाचकांना हे सांगावे लागणार नाही. इतरांना चित्रपट पाहताना क्षणभर वाटते की ‘अरे, सांगून टाक ना!’ आणि तिथेच या विषयातली मोठी जोखीम आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, ‘आय कन्फेस’ हा चित्रपट याच दंडकावर उभारला : खुन्याने पापनिवेदन केलेले, धर्मगुरूला बोलता येत नाही आणि उलट त्याच्यावरच खुनाचा आळ येतो. पुढे फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतीत हिचकॉक यांनी कबूल केले की कॅथलिक नसलेल्या प्रेक्षकाला ही कल्पनाच पटत नाही. दंडक तोच, पण गंभीर चित्रपटात प्रेक्षकाची शंका कथेला सुरुंग लावते आणि विनोदी चित्रपटात तीच शंका इंधन होते. फेर्नांदेल यांचा संन्यासी गप्प राहतो तेव्हा आपल्याला ‘हा मूर्खपणा आहे’ असे वाटले तरी काही बिघडत नाही. त्या मूर्खपणावर आपण हसतोच आहोत, आणि हसता हसता तो माणूस आपला शब्द किती जिवापाड जपतो हेही आपण पाहतो आहोत.

पुढचा मोठा भाग म्हणजे या माणसाची धडपड. प्रवाशांना सराई सोडायला लावायची, पण का ते सांगायचे नाही. तो सुचवतो, आडून बोलतो, घाबरवतो, उपदेश करतो, आणि प्रत्येक वेळी उलटेच घडते, कारण बाहेर बर्फ आहे, आत शेकोटी आहे, आणि सराईवाले आदरातिथ्यात कुठे कमी पडत नाहीत. प्रवाशांच्या नजरेत तो एक विक्षिप्त, बहुधा थोडासा बिघडलेला संन्यासी ठरतो आणि ते त्याची टर उडवू लागतात. इथे प्रेक्षकाच्या सहानुभूतीचा काटा हळूच सरकतो. मरणार असलेली ही माणसे आपल्याला फारशी आवडत नाहीत. ती दुष्ट नाहीत. आत्मसंतुष्ट आहेत एवढेच. तुमच्या पटकथेतले पाहुणे एक तर गरीब गाय आहेत किंवा सरळसरळ हलकट. गरीब गाय मारली गेली की किळस येते आणि हलकट मारला गेला की ‘बरे झाले’ म्हणून विषय संपतो. ओरांश आणि बोस्त यांनी या दोहोंमधली जागा पकडली : ज्यांच्या मरणाने आपण रडणार नाही, पण ज्यांना मरू देणे आपल्याला परवडणारही नाही, अशी माणसे.

अभिनेत्यांची निवड हा निम्मा विजय आहे. फेर्नांदेल तेव्हा फ्रान्समधले सर्वात लाडके विनोदी नट होते आणि पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, ‘दॉन कामिलो’ मालिकेतल्या पहिल्या चित्रपटात ते चक्क येशूशी गप्पा मारणारे खेडेगावचे प्रेमळ पाद्री म्हणून अवतरले. लागोपाठच्या या दोन झग्यांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. दॉन कामिलो चिडका असला तरी मनाने निर्मळ. ‘लाल सराई’तला संन्यासी खादाड आहे, भित्रा आहे, जिवाला जपणारा आहे, आणि म्हणूनच त्याने नियम पाळणे आपल्याला मोलाचे वाटते. संत नियम पाळतो यात नाट्य नाही. पळून जावेसे वाटणारा माणूस नियम पाळतो, यात आहे. मारीच्या भूमिकेत फ्रान्स्वाज रोझे आहेत, ज्यांनी १९३५ सालच्या ‘ला केर्मेस एरोइक’मध्ये शहर वाचवणाऱ्या महापौरपत्नीचा ठसका दाखवला होता. इथे तोच गृहिणीचा कर्तेपणा रोझे खुनाच्या धंद्यात वापरतात. नवऱ्याचे काम ज्युलियें कारेत करतात. झां रन्वार यांच्या ‘ला ग्रांद इल्युझ्यों’ आणि ‘ला रेग्ल द्यु झ’मधून ओळखीचा झालेला हा नट अंगापिंडाने किरकोळ, स्वभावाने चटपटीत, आणि त्याला पाहून कोणीही म्हणेल की हा माणूस सूप फार तर पातळ करील, त्यात विष घालणार नाही. तुमच्या नायकाचे वर्णन तुम्ही ‘क्रूर डोळ्यांचा’ असे केले आहे. ते खोडा.

माकडाचा धागाही शिकण्यासारखा आहे. पेटीवाला मेला तरी त्याचे माकड निसटते. अंगणात बर्फाचा माणूस उभा आहे, पाहुणे त्याच्या आसपास वावरतात आणि त्याच्या पोटात काय आहे हे आपल्याला माहीत आहे. खुनाचे दृश्य एकदाच येऊन गेले, पण त्या पांढऱ्या पुतळ्यामुळे ते पडद्यावर कायम हजर राहते, रक्ताचा एक थेंबही न दाखवता. तुम्ही तिसऱ्या सीनमध्ये विहिरीत प्रेत टाकले आहे आणि मग पन्नास पाने त्या विहिरीचा उल्लेख नाही. पाहुण्यांना त्याच विहिरीचे पाणी शेंदायला लावा. तुमचा अर्धा दुसरा अंक तिथे तयार आहे.

शेवटाकडे जाताना पटकथा आणखी एक चाल खेळते. चेल्याचे आणि सराईवाल्यांच्या मुलीचे मन जुळते आणि त्यांचे लग्न लावण्याची पाळी संन्याशावरच येते. वेळ काढायचा म्हणून तो विधी ताणतो, ताणतो, ताणतो. खुनी आई-बाप लग्नविधीत अडथळा आणू शकत नाहीत, कारण तो धर्मविधी आहे. म्हणजे ज्या धर्मनियमाने संन्याशाचे तोंड बांधले त्याच धर्मनियमाने आता सराईवाल्यांचे हात बांधले जातात. एकच नियम दोन्ही बाजूंनी कापतो हे पाहून मी एक लेखक म्हणून आजही हेवा करतो. दरम्यान पोलीस येऊन पोचतात, बर्फाच्या माणसातले गुपित फुटते, मार्तें मंडळी पकडली जातात, प्रवासी वाचतात. चित्रपट इथे थांबला असता तर तो एक उत्तम प्रहसन म्हणून लक्षात राहिला असता. पण प्रवासी गाडीत बसून आनंदात निघतात, आणि सराईवाल्याने आधीच खिळखिळा करून ठेवलेला पूल त्या गाडीखाली कोसळतो. सगळे दरीत. संन्याशाने शब्द मोडला नाही, तरीही जीव वाचवले, आणि तरीही ते वाचले नाहीत.

हा शेवट काही प्रेक्षकांना अन्यायकारक वाटतो. मला तो चित्रपटातला सर्वात प्रामाणिक भाग वाटतो. दीड तास आपण मरणावर हसलो, त्याची किंमत वसूल झाल्याशिवाय चित्रपट आपल्याला बाहेर सोडत नाही. शिवाय पुलाची तयारी पटकथेने आधीच करून ठेवली आहे, त्यामुळे तो दैवाचा घाला वाटत नाही. खुन्यांनी केलेल्या कामाचा शिल्लक राहिलेला हप्ता वाटतो.

चित्रपटाचे दोष झाकण्याचे कारण नाही. काळ्या नोकराचे पात्र आज पाहताना खटकते आणि खटकायलाच हवे. तो माणूस न वाटता नेपथ्यातली वस्तू वाटतो. ओतां-लारा स्वतः पुढे १९८९ मध्ये अतिउजव्या ‘फ्रों नास्योनाल’ पक्षातर्फे युरोपीय संसदेत निवडून गेले आणि ज्यूंविषयीच्या घृणास्पद वक्तव्यांमुळे काही महिन्यांत त्यांना पायउतार व्हावे लागले, हेही लक्षात ठेवावे. त्रुफो यांनी जानेवारी १९५४ मध्ये ‘काहिए द्यु सिनेमा’ या चित्रपटविषयक मासिकात लिहिलेल्या गाजलेल्या लेखात ओरांश-बोस्त या जोडीवर हल्ला चढवला, त्यांची तक्रार अशी होती की हे लेखक दिग्दर्शकाला गुंडाळून ठेवतात आणि धर्माची टवाळी ठरावीक मात्रेत प्रत्येक चित्रपटात पेरतात. ‘लाल सराई’वर दुसरा आरोप पूर्ण चुकीचा नाही. पण मला वाटते इथे टवाळी धर्माची जितकी आहे त्याहून जास्त, धर्म सोयीपुरता वापरणाऱ्या खुन्यांची आणि तो सोयीपुरता विसरणाऱ्या प्रवाशांची आहे. ज्याची सर्वात जास्त फजिती होते तो संन्यासी एकटाच धर्म गांभीर्याने घेतो.

याच विषयाकडे वेगळ्या वाटेने जाता येते हेही सांगतो, म्हणजे तुम्ही एकाच नमुन्याला चिकटून बसणार नाही. दक्षिण कोरियाच्या किम जी-वून यांच्या १९९८ सालच्या ‘द क्वाएट फॅमिली’ या पहिल्याच चित्रपटात एक कुटुंब डोंगरात लॉज काढते, पहिला पाहुणा खोलीत आत्महत्या करतो, धंदा बुडेल या भीतीने ते प्रेत पुरतात, आणि मग एकातून दुसरे असे प्रेतांचे लटांबर वाढत जाते. तिथले यजमान खुनी बनतात ते अब्रू आणि गिऱ्हाईक सांभाळण्याच्या नादात. ताकाशी मीके यांनी २००१ मध्ये त्याचा जपानी अवतार गाणी, नाच आणि मातीच्या बाहुल्यांच्या सचेतनपटासह केला. फ्रँक काप्रा यांच्या ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’मधल्या दोन प्रेमळ म्हाताऱ्या बहिणी एकाकी वृद्ध भाडेकरूंना विषारी वाइन पाजतात ती भूतदया म्हणून. आणि विनोद सगळा काढून घेतला तर काय उरते ते पाहायचे असेल, तर आल्बेर काम्यू यांचे १९४४ मध्ये रंगमंचावर आलेले ‘ल मालांतांद्यु’ हे नाटक वाचा : सराई चालवणाऱ्या आई आणि मुलगी पैशासाठी पाहुण्याला मारतात आणि तो अनेक वर्षांनी परतलेला, ओळख न देता उतरलेला, घरचाच मुलगा निघतो. तिथे सर्वनाश होतो तो एका माणसाने वेळेवर नाव न सांगितल्यामुळे. शोकांतिका असो वा प्रहसन, सराईच्या गोष्टीत सुरीपेक्षा न बोललेले वाक्य जास्त धारदार असते असे माझे मत होत चालले आहे.

तुमच्या पटकथेकडे वळायचे तर तिच्यात सर्वांना सर्व माहीत आहे किंवा कोणालाच काही माहीत नाही. मधला माणूस नाही. तो आणा. त्याला खुनांची माहिती लवकर, पहिल्या पंचवीस-तीस पानांत कळू द्या आणि त्याने गप्प राहण्यासाठी असे कारण द्या जे प्रेक्षकाला दोन वाक्यांत समजेल. वकील पाहुणा करण्याचा मोह तुम्हाला होईल, पण तो टाळा : अशील आणि वकील यांच्यातली गुप्तता पुढे घडवायच्या गुन्ह्याला लागू होत नाही, हे जुन्या भारतीय पुरावा कायद्यातही होते आणि २०२३ सालच्या नव्या अधिनियमातही आहे, त्यामुळे जाणकार प्रेक्षक तुम्हाला तिथेच पकडेल. मौनव्रत घेतलेला पाहुणा सुचला तर प्रेक्षक विचारील की मग तो कागदावर लिहून का देत नाही. बायकोच्या माहेरचा, ज्याने बहिणीला शब्द दिला आहे असा भाऊ कदाचित चालेल. पण मग त्या दोघांमधला तो शब्द आधी एका निरुपद्रवी गोष्टीत पाळलेला दाखवावा लागेल, म्हणजे पुढे तो प्राणघातक ठरला तरी खोटा वाटणार नाही.

नवरा-बायकोला पैशाची हाव आहे तेवढी पुरे, पण तिच्या जोडीला त्यांना एक सद्गुण द्या आणि तो त्यांनी अगदी काटेकोरपणे पाळावा. उधारी न ठेवणारे, पाहुण्याला उपाशी न झोपवणारे, एकादशीला सुरीला हात न लावणारे असे ते असतील तर खुनांची संख्या पाचावरून दोनवर आणली तरी चित्रपट भरलेला वाटेल. विनोदी संवाद लिहिण्यापूर्वी एकदा संपूर्ण पटकथा गंभीर समजून वाचा. ज्या सीनमध्ये गंभीरपणे वाचतानाही गोष्ट पुढे सरकत नाही तो सीन विनोदानेही सरकणार नाही.

जेरार क्रॉव्चिक यांनी २००७ मध्ये ‘लोबेर्ज रूज’ नव्याने केला, त्यात क्रिस्तियां क्लाव्हिए, झेरार झ्युन्यो आणि झोझियान बालास्को हे ‘स्प्लांदीद’ या गाजलेल्या विनोदी नाट्यसमूहातून आलेले कलावंत आहेत. रंगीत आहे, गडबड भरपूर आहे, आणि नटांच्या मूळच्या विनोदी प्रतिमेवर विसंबल्यामुळे कोणाच्याही जिवाची काळजी वाटत नाही. तुमचा पुढचा ड्राफ्ट पूर्ण होईपर्यंत तो पाहू नका. १९५१चा मात्र पुन्हा पाहा, यावेळी आवाज बंद करून, आणि संन्याशाला कळल्यापासून पोलीस येईपर्यंत त्याने किती वेळा तोंड उघडून पुन्हा मिटले ते मोजा.